चौदा सेकंद आणि शून्यावर न येणारा काटा

टेबलावर आलेल्या घड्याळाची तक्रार एका ओळीची होती: रिसेट केल्यावर मधला सेकंद काटा बारावर येत नाही. साध्या क्रोनोग्राफच्या, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाच्या बाबतीत ही किरकोळ गोष्ट. पण हे ओमेगा स्पीडमास्टर 'सिल्व्हर स्नूपी अवॉर्ड' होतं, 2015 चं, 1,970 नगांपैकी एक. या घड्याळाला अर्थ आहे तो शून्य ते चौदा सेकंदांच्या पट्ट्यामुळे, आणि इथे शून्यच जागेवर नव्हतं.

एप्रिल 1970 मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो 13 यानाची ऑक्सिजन टाकी फुटली. वीज वाचवायची म्हणून चांद्रयानाचा संगणक बंद ठेवलेला. परतीचा मार्ग सुधारायला इंजिन 14 सेकंद चालवायचं होतं. लव्हेल आणि हेज हे अंतराळवीर यान सरळ धरून होते, तिसरा, स्वायगर्ट, मनगटावरच्या स्पीडमास्टरवर सेकंद मोजत होता. त्याच वर्षी 5 ऑक्टोबरला ओमेगाला नासाचा सिल्व्हर स्नूपी पुरस्कार मिळाला (स्नूपी म्हणजे कार्टूनमधला कुत्रा). नगांचा आकडा तिथून आला, आणि तबकडीच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेला प्रश्नही: चौदा सेकंदांत तुम्ही काय करू शकाल? (तबकडीवरचं दुसरं वाक्य, 'अपयश हा पर्यायच नाही' या अर्थाचं, पंचवीस वर्षांनी आलेल्या चित्रपटातलं आहे. ते नसतं तरी चाललं असतं.)

मशीन न उघडता आधी नुसतं बघत बसलो. काटा दर वेळी सारखाच चुकत असेल, म्हणजे कायम बाराच्या पुढे दीड सेकंद, तर तो बसवतानाच वाकडा बसलाय. दर वेळी वेगळा चुकत असेल तर तो आपल्या दांड्यावर सैल आहे. याचं कारण आत आहे. मधला काटा फिरवणाऱ्या क्रोनो चाकावर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा एक तुकडा असतो. रिसेट दाबला की त्यावर हातोडीसारखा पट्टा आदळतो आणि बदाम फिरून त्याच्या खोलगट बाजूवर टेकतो. बदाम शून्य चुकत नाही. चुकतो तो वर बसलेला काटा.

पाच सेकंदांवर थांबवून रिसेट केलं, काटा बरोबर आला. चौदावर थांबवलं, तरी जवळपास बरोबर. पंचवीसवर थांबवून दाबलं तर 59 च्या रेषेवर. पस्तीसवरून दाबलं तर बाराच्या पुढे. निदान इथेच झालं. तीसच्या आत काटा उलटा फिरून परत येतो, तीसच्या पुढे सुलटा, आणि तीसच्या आसपास त्याला जवळजवळ अर्धा फेरा एका झटक्यात मारावा लागतो. दांडा जागेवर थांबतो, सैल काटा मात्र त्याच दिशेने थोडा पुढे घसरतो. मालक घरी पाच-सात सेकंदांवरच रिसेट करून बघायचे, म्हणून त्यांना तो 'कधी कधी' चुकतो असं वाटत होतं.

मागच्या झाकणावर निळ्या इनॅमलवर चांदीचा स्नूपी आहे. तिथे पक्कड घसरली तर भरपाई नाही. कडेला टेप लावून, रबरी चेंडूने दाबून फिरवून पाहिलं. आटे सुटले.

आतलं 1861 मशीन ओळखीचं: तासाला 21,600 ठोके, भरल्यावर 48 तास. अपोलोच्या काळातल्या घड्याळांत 321 होतं, कॉलम व्हीलचं, म्हणजे क्रोनो चालू-बंद करायला खांबांचं चाक असलेलं. 1861 मध्ये त्याजागी सपाट कॅम आहे. संग्राहक याबद्दल नाक मुरडतात. मला कॅम आवडतो. तो झिजायला वेळ लागतो आणि काय बिघडलंय ते डोळ्यांना दिसतं. ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या टायमिंग मशीनवर लिफ्ट अँगल (झोका मोजायला लागणारा कोन) 50 ठेवला. क्रोनो बंद असताना बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचा झोका 272 अंश, चालू केल्यावर 246. वीस ते चाळीस अंशांची घट चालते. म्हणजे चाकांचं जुळणं ठीक, ते जुळणं कमी-जास्त करणाऱ्या कपलिंगच्या एक्सेंट्रिक स्क्रूंना हात लावायचं कारण नाही. बहुतेक घोळ तिथेच होतात: काटा सैल असतो आणि लोक स्क्रू फिरवतात.

तबकडी पांढरी, त्यामुळे ओरखडा लपत नाही. चीर दिलेलं पातळ प्लॅस्टिक काट्याखाली सरकवलं आणि दोन्ही बाजूंनी सारखं उचलून काटा काढला. भिंगाखाली काट्याच्या पोटाला एकाच बाजूला दोन चरे दिसले. आधी कोणीतरी तो एकाच बाजूने उपसला होता, त्यातच दांड्यावर बसणारी त्याची नळी फाकली. नळी अगदी केसभर आवळली. गोंदाचा थेंब टाकणारे आहेत, पण तो खाली झिरपला तर पुढची सर्व्हिस दांडा तोडूनच होते.

काटा परत बसवताना खरी भीती मशीनच्या पाठीमागे असते. क्रोनो चाकाच्या दांड्याचं दुसरं टोक ज्या खड्यात फिरतं तो तिकडच्या पुलात, म्हणजे चाकं धरणाऱ्या पट्टीत, बसवलेला असतो. खाली आधार न देता वरून दाबलं तर काटा बसतो आणि खडा निसटतो. बारीक टोकाचा आधार नेमका खड्याखाली घेतला, क्रोनो रिसेट अवस्थेत ठेवला, काट्याचं टोक बाराच्या रेषेवर धरून एकदाच दाबलं. दुसऱ्यांदा दाबायची वेळ आली तर काटा काढून पुन्हा सुरुवात.

मग साठ वेळा रिसेट, त्यातली निम्मी 25 ते 35 सेकंदांच्या दरम्यान. शेवटी 14 वर थांबवून एकदा, काही गरज नसताना.

पावतीवर लिहिलं: 'सेकंद काट्याची नळी आवळून काटा बसवला. कपलिंगचे एक्सेंट्रिक हलवलेले नाहीत.' दुसरं वाक्य पुढे हे मशीन उघडणाऱ्यासाठी.