बारवांचे संकेतस्थळ आणि जिल्ह्याचे बदललेले नाव

मराठवाड्यातील बारवांची, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींची, माहिती देणारे माझे छोटे संकेतस्थळ गावाकडे फोनवर उघडायला फार वेळ लागतो, अशी तक्रार परभणीच्या मामांनी केली, तेव्हा दोष नेटवर्कचा नसून माझाच असल्याचे लक्षात आले. वालूरच्या चक्राकार बारवेची चार-पाच एमबीची छायाचित्रे मी जशीच्या तशी चढवली होती. आता ती १२०० पिक्सेल रुंदीची करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात ठेवतो आणि प्रत्येकाची रुंदी-उंची कोडमध्ये नोंदवतो, त्यामुळे चित्र उमटताना वाचत असलेला मजकूर खाली सरकत नाही.

देवनागरीसाठी ओळींतील अंतर अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट ठेवावे. अक्षरांमधील अंतर मात्र वाढवू नये, कारण शिरोरेषा तुटते. (शीर्षके ‘उठावदार’ करण्याच्या नादात मी ती वर्षभर तोडत होतो.)

२०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाल्यावर मी पानांचे पत्तेही बदलले आणि जुने दुवे निकामी झाले. मजकुरात नवे नाव जरूर द्यावे, पण पत्ता शक्यतो बदलू नये. बदललाच, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ प्रकारचे कायमस्वरूपी पुनर्निर्देशन (जुना दुवा उघडणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सोय) त्याच दिवशी करावे.