ट्यूब किती दिवस पुरते?

"एसपीएफ ५० चं सनस्क्रीन लावते, तरी काळवंडलेच. मग एवढे पैसे कशाला घालायचे?" उन्हाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो. आमचा उलटा प्रश्न एकच: ५० ग्रॅमची ट्यूब तुम्हाला किती दिवस पुरते?

"चार-पाच महिने" असं उत्तर आलं, की गोची कुठे आहे ते कळतं. एसपीएफ, म्हणजे ऊन किती अडतं ते सांगणारा आकडा, मोजताना त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. चेहरा आणि मान धरून हे साधारण सव्वा ग्रॅम होतं; म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक जाड रेघ. रोज एकदाच लावलं तरी ट्यूब चाळीस दिवसांत संपायला हवी. वाटाण्याएवढं घेऊन चेहराभर पसरलं, तर ५० हा आकडा ट्यूबवरच राहतो.

दोन्ही बोटांचं एकदम फासलं की चेहरा पांढराफटक दिसतो आणि माणूस कंटाळतो. त्यापेक्षा आधी एका बोटाचं लावा, दोन मिनिटांनी दुसऱ्याचं. चोळून जिरवायचं नाही, हलक्या हाताने पसरायचं. कान आणि मानेची मागची बाजू हटकून राहून जाते. मॉइश्चरायझरमध्ये कालवून लावू नका. तो आधी लावा, मुरू द्या, मग हे. घराबाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. घाम पुसला, की निम्मं रुमालावर गेलं समजा.

आता काळवंडण्याचं. एसपीएफ मुख्यतः त्वचा भाजवणाऱ्या यूव्हीबी या अतिनील किरणांबद्दल सांगतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला रापवण्यात मोठा हात यूव्हीए या दुसऱ्या अतिनील किरणांचा, आणि ते खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात. त्यासाठी ट्यूबवर 'पीए' शोधा. पुढे अधिकची चिन्हं जितकी जास्त तितकं बरं, चार सर्वांत उत्तम. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या, कारण वांग डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो.

दुचाकीवर मात्र क्रीमपेक्षा कापडावर जास्त भरवसा ठेवावा. स्कार्फ उजेडाकडे धरून बघा. पलीकडचं दिसत असेल तर ऊनही आत येणारच. पातळ पांढऱ्या ओढणीपेक्षा घट्ट विणीचं गडद सुती कापड बरं. आणि हातमोजे हवेतच, कारण हँडलवरच्या हातांना सावली कुठली?

वेळ ओळखायला सावलीकडे बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर एके दिवशी भर दुपारी उभ्या काठीची सावलीच पडत नाही, म्हणजे बघा.

रापलेलं काढायला लिंबू घासून उन्हात जाणं तर सोडाच. लिंबाच्या रसातली द्रव्यं आणि ऊन एकत्र आले की त्वचा भाजते, फोड येतात, आणि मागे उरणारे डाग काही महिने जात नाहीत. सनस्क्रीन आधीचा काळेपणा काढत नाही, नवा येणं कमी करतं.

ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उन्हात डिकी तापते आणि क्रीम फाटतं. दाबल्यावर आधी पाणी आणि मग गुठळ्या आल्या, तर ती मुदतीच्या आतली असली तरी टाकून द्या.