नावेची लांबी कुठून कुठपर्यंत? माझा अनुभव

कोयनेच्या फुगवट्यात प्रवासी नाव चालवायची तर कोणकोणते कागद लागतात, हे बामणोली-तापोळ्याकडचा कुणीही तुम्हाला सांगेल. ती यादी मी पुन्हा लिहीत बसत नाही. अर्ज, इंजिनाची पावती, विमा, लाइफ जॅकेट, बोया, आग विझवायचा सिलिंडर, चालवणाऱ्याचे कागद हे सगळं एकामागून एक होत गेलं. मी अडकलो तो अर्जातल्या एका रकान्यात: "नावेची एकूण लांबी (मीटर)". त्याच्यापुढे जेमतेम दोन बोटं जागा, आणि तेवढ्या जागेनं माझा अख्खा उन्हाळा खाल्ला.

आमच्या परवान्याची फी लांबीच्या टप्प्यावर बसते. परवाना देणाऱ्या कार्यालयाच्या भिंतीवर जे दरपत्रक लावलंय, त्यात दहा मीटरला टप्पा बदलतो. दहाच्या आत असलात तर एक दर, वर गेलात की दुसरा, आणि तो दरवर्षी भरायचा. पैशाचा प्रश्न नव्हता असं मी म्हणणार नाही. होताच. आमचा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंतचा. त्यातही वासोटा किल्ल्याला जाणारे शनिवार-रविवारी येतात, बाकी आठवडा नाव दोराला बांधून असते. वरच्या टप्प्याची फी त्यातून काढायची म्हणजे किती फेऱ्या, हा हिशोब आम्ही बोटांवर करतो.

माझी नाव फायबरची, मागे बाहेरून अडकवलेलं आउटबोर्ड इंजिन. आम्ही सगळे तिला बत्तीस फुटी म्हणतो. ३२ फूट म्हणजे ९.७५ मीटर, म्हणून मी दहाच्या आत म्हणून निर्धास्त होतो. पण बांधणाऱ्यानं बिलावर ३३ फूट लिहिलं होतं आणि ३३ फूट म्हणजे १०.०६ मीटर. खिडकीवरच्या भाऊसाहेबांनी बिल पाहिलं, कॅल्क्युलेटर काढलं आणि आकडा लिहून मोकळे झाले. "तुमच्याच बिलात आहे की हो," म्हणाले.

बांधणाऱ्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "तात्या, मी काठावरनं टेप फिरवलाय. मला फायबर किती लागलं त्याचं बिल लावायचं असतं." त्याचंही बरोबर. नावेचा काठ पुढच्या टोकाकडे आत वळत जातो आणि वरही चढतो. त्या वळणावरून टेप नेला की सरळ अंतरापेक्षा माप जास्तच येणार. माझ्या नावेला हा फरक अकरा इंचांचा निघाला. नवीन नाव बांधायला टाकणार असाल तर हे आधीच लक्षात ठेवा: बिलावर लांबी घालायचीच असेल तर "सरळ रेषेत, टोकापासून टोकापर्यंत" असे शब्द घालून घ्या. नाहीतर लांबी लिहूच देऊ नका, नुसतं "प्रवासी नाव, एक नग" पुरतं.

मी म्हटलं, बिल सोडा, नाव मोजा. कार्यालयातले साहेब आले, मोजलीही. आणि खरं दुखणं तिथून सुरू झालं.

नाव उतारावर ओढून ठेवलेली होती. इंजिन वर उचलून बांधलं होतं, कारण उथळ पाण्यात आणि काठावर ते तसंच ठेवतात, नाहीतर पंखा दगडावर आपटतो. पुढच्या टोकाला ट्रकचा जुना टायर बांधलेला, धक्क्याला लागताना दणका बसू नये म्हणून. साहेबांनी टेपचं एक टोक टायरच्या बाहेरच्या कडेला धरायला लावलं आणि दुसरं उचललेल्या इंजिनाच्या पार मागच्या टोकाला. १०.५२ मीटर. लिहिलं, सही केली, चहा घेतला, गेले.

माझा पुतण्या शेजारी उभा होता. तो पुटपुटला, "मग गिऱ्हाईक पाय बाहेर सोडून बसलं तर त्येबी धरायचं का?" मी त्याला गप्प केलं, पण प्रश्न चोख होता. ट्रॅक्टरची लांबी कुणी मागे जोडलेल्या नांगरासकट लिहीत नाही.

कार्यालयात जाऊन हेच सभ्य भाषेत विचारलं. उत्तर आलं, "एकूण लांबी म्हणजे एकूण. नाव जेवढी दिसते तेवढी." मी विचारलं, इंजिन खाली सोडलं की ती अर्ध्या हातानं कमी दिसते, मग कोणती धरायची? यावर, "साहेब दौऱ्यावर आहेत." पुढच्या खेपेला, "फाइल वर गेलीय." मग, "फाइल आलीय पण शेरा नाही." मग खिडकीवरचा माणूसच बदलला आणि नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. त्यानं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "पण बिलात तर ३३ फूट आहे."

या टप्प्यावर माझा पारा चढला होता, हे मान्य. पण मोजणीवरच माझा राग आहे असं समजू नका. ८ ऑगस्ट २०१९ ला महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि माणसं गेली. ते आमच्या शेजारच्या जिल्ह्यात घडलं. त्यानंतर नावेत किती माणसं बसवायची हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेत नाही, नेऊही नये. सिटांचा आकडा ठरवताना लांबी, रुंदी, खोली हे सगळं बघतात. म्हणून तर लांबी खरी हवी. आमच्याकडे काही जण फीसाठी नाव आखूड सांगतात आणि सिटांसाठी तीच लांब सांगतात, हेही मला माहीत आहे. मला दोन्हीकडे एकच आकडा हवा होता. उचललेलं इंजिन आणि टायर धरून जी लांबी वाढते, तिच्यावर माणूस बसत नाही आणि तिनं नाव तरंगतही नाही. ती कागदावर राहिली तर उद्या कुणीतरी त्याच आकड्यावरून दोन सिटं जास्त मागेल.

माझी बहीण सांगलीला असते. तिचा मुलगा इंग्लंडमध्ये आहे. त्याच्याशी फोनवर बोलताना कळलं की तिकडे कालव्यावर राहत्या नावा असतात आणि त्यांच्या परवान्याची फीसुद्धा मुख्यतः लांबीवर ठरते. तिकडच्या अरुंद कालव्यांत नाव वर-खाली न्यायला पाणी अडवणारे दरवाजे असतात, ते सुमारे ७ फूट रुंदीचे, म्हणून नावाही चिंचोळ्या आणि लांबलचक. त्यांच्याकडे लांबीचं भांडण दोन दरवाज्यांमधल्या पाण्यात नाव मावते का, इथून सुरू होतं. आमच्या शिवसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, असा दरवाजा नाही, तरी भांडण तेच. त्यानंच मला एक कामाची गोष्ट शोधून दिली. २४ मीटरपर्यंतच्या छोट्या नावांची मापं कशी घ्यायची याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८६६६. त्यात नावेच्या सांगाड्याची लांबी वेगळी आणि सगळ्यात जास्त लांबी वेगळी. सांगाड्याच्या लांबीत नावेचाच भाग असलेलं सगळं येतं. जे काही न तोडता-फोडता काढता येतं आणि काढल्यावर नावेच्या मजबुतीला धक्का लागत नाही, ते धरत नाहीत. आउटबोर्ड इंजिन, ते बसवायचा ब्रॅकेट, सुकाणू, चढायची जोडफळी, धक्के झेलायला लावलेल्या वस्तू, हे सगळं बाहेर. आणि माप नावेच्या मधल्या रेषेला समांतर, आडव्या सरळ रेषेत घ्यायचं.

हे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. पण हे मानक आपल्या कार्यालयाला बंधनकारक आहे असं मी अर्जात कुठेही लिहिलं नाही, तुम्हीही लिहू नका. आपल्याकडे १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आलाय, तिथलेच नियम इथे चालणार. मी एवढंच लिहिलं की जगात लांबीचे दोन अर्थ वापरतात, तर आपल्या रकान्यात त्यातला कोणता अर्थ धरलाय ते लेखी कळवावं.

लेखी काही आलं नाही. मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. हे काम मी फार उशिरा हातात घेतलं असं माझा पुतण्या म्हणतो, मला तसं वाटत नाही. आधी तोंडी विचारून बघावंच लागतं, नाहीतर तेच लोक म्हणतात की एकदम अर्जच टाकला. पण टाकायचा कसा ते नीट सांगतो. २००५ च्या कायद्यात तुम्ही "का" विचारलंत की अर्ज उडतो. त्यांच्या दप्तरात असलेला कागद मागायचा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मी एकच ओळ मागितली: "नावेची लांबी मोजण्याच्या पद्धतीबाबत या कार्यालयात उपलब्ध असलेल्या परिपत्रकाची अथवा सूचनेची साक्षांकित प्रत." उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. मुदत संपत आली तेव्हा पाकीट आलं. आत एकच वाक्य, "अशी माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही."

त्या वाक्यानं मला किती आनंद झाला म्हणून सांगू! ज्या नियमानं मला वरच्या टप्प्यात टाकलं, तो नियम त्यांच्याकडेच नव्हता, आणि हे त्यांनीच शिक्क्यासह लिहून दिलं होतं. त्याची झेरॉक्स जोडून फेरमोजणीचा अर्ज दिला. या वेळी तो फिरत बसला नाही.

फेरमोजणी ठरल्यावर आधी मी स्वतः मोजून घ्यायचं ठरवलं. मेमध्ये फुगवट्याचं पाणी खूप खाली जातं, काठाला चिखल वाळून भेगा पडलेल्या असतात, त्यामुळे सपाट जागा मिळाली. वाडीतल्या गवंड्याला बोलावलं. त्यानं पाण्याची नळी लावून नाव पुढे-मागे सारखी आहे का ते पाहिलं. मागची बाजू बसली होती, तिच्याखाली दोन लाकडी ओंडके सरकवले. नाव कलती असेल तर माप फसतं, ही गोष्ट साहेबांच्या पहिल्या मोजणीत कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. मग टायर सोडला. पुढच्या टोकावरून ओळंबा सोडला, तो डुलायचा थांबला तिथे जमिनीत खिळा ठोकला. मागच्या बाजूला इंजिन अडकवतो त्या फळीच्या मधोमध, तिच्या बाहेरच्या कडेवरून दुसरा ओळंबा, दुसरा खिळा. दोन खिळ्यांमध्ये पोलादी टेप ताणला. कापडी टेप घेऊ नका, तो ताणला की वाढतो आणि सैल धरला की मधे झोळ येतो. पुतण्यानं आकडा वाचला: नऊ अठ्ठ्याहत्तर. ३२ फूट १ इंच. गवंडी म्हणाला, "पुन्हा बगा." पुन्हा बघितलं, तेवढंच.

साहेब आले तेव्हा खिळे तसेच ठेवले होते. हे नवे साहेब होते, तरुण, पँट दुमडून चिखलात उतरले. मी काहीच सांगितलं नाही. त्यांनी ओळंबा मागितला, स्वतः दोन्हीकडे सोडला, आमच्या खिळ्यांपासून बोटभरही फरक नाही. मग टायर, इंजिन, चढायची फळी या प्रत्येकाचं माप त्यांनी शेऱ्यात वेगळं लिहिलं, सांगाड्याची लांबी ९.७८ मीटर लिहिली आणि मला सही करायला सांगितली. सगळं अर्ध्या तासात झालं. इतके महिने जे "वरून शेरा" म्हणून थांबलं होतं ते हेच.

शेऱ्याची प्रत तिथेच मागून घ्या. "ऑफिसात या, देऊ" म्हटलं तर मोबाइलवर फोटो काढू का असं विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. आणि मोजणीला जाताना इंजिन खाली सोडून ठेवा, टायर काढून ठेवा. साहेबानं विचारलं तर दाखवा, लपवायचं नाही. आमच्याकडे एकानं मोजणीच्या दिवशी चढायची जोडफळी घरी नेऊन ठेवली होती आणि मग फोटोत ती दिसली, तेव्हा त्याची फाइल माझ्यापेक्षा जास्त दिवस पडून राहिली.

आता पैशाचं. हंगाम हातचा जाऊ नये म्हणून मी मधल्या काळात वरच्या टप्प्याची फी भरून टाकली होती. पण भरताना अर्जावर आणि चलनाच्या माझ्या प्रतीवर "हरकत नोंदवून भरणा" असं लिहून खिडकीवरचा शिक्का घेतला होता. हे फार महत्त्वाचं, हे आधीच सांगायला हवं होतं. त्या शिक्क्याशिवाय तुम्ही मुकाट्यानं भरलंत म्हणजे तुम्हाला १०.५२ कबूल होतं, असाच अर्थ निघतो. नवा परवाना ९.७८ मीटरचा मिळाला. जादा भरलेला फरक पुढच्या नूतनीकरणात वळता करू असं तोंडी सांगितलंय. तेही लेखी मागितलंय, आवक क्रमांक घेऊन ठेवलाय.