पद्मिनीचा डावा इंडिकेटर: अकरा दिवसांनी दोष सापडला

सापडला! काल रात्री पावणेबाराला, पोर्चमध्ये चार्जिंगच्या बॅटरीच्या उजेडात, डावा पुढचा इंडिकेटर पूर्ण तेजाने टिक-टिक करायला लागला. वर गच्चीवरून बाबा ओरडले, "लागला का रे?" 1984 साली ही आमची प्रीमियर पद्मिनी गाडी घरी आली तेव्हा तिचं पहिलं इंडिकेटर त्यांनीच दिलं होतं, म्हणून त्यांना हाक मारून खाली बोलावलं आणि पुन्हा एकदा लावून दाखवलं.

मागच्या नोंदीत लक्षण अर्धवट लिहिलं होतं, आता नीट सांगतो. पार्किंग लाईट बंद असताना इंडिकेटरची दांडी डावीकडे टाकली की मागचा डावा नीट लागायचा, पुढचा मात्र पार्किंगच्या बल्बइतकाच मिणमिणायचा. पार्किंग चालू केला की कहर. मागचा पेटला की पुढचा विझायचा, मागचा विझला की पुढचा पेटायचा. फ्लॅशरची (इंडिकेटरला टिक-टिक करायला लावणाऱ्या डबीची) लयही बिघडलेली. उजवी बाजू एकदम ठणठणीत.

उजवी चांगली आणि डावी वाईट, म्हणजे दांडीचा स्विच, असं मी धरून चाललो. स्टिअरिंग कॉलम उघडला, डावीकडचे कॉन्टॅक्ट साफ केले. फरक नाही. मग फ्लॅशर बदलला, एकदा नव्हे दोनदा. पहिला नवीन फ्लॅशर तर दुसऱ्या दिवशीच चिकटून बसला. त्याच्या डब्यावर 12 व्होल्ट लिहिलं होतं, आत काय होतं देवाला ठाऊक. जुना थर्मल फ्लॅशर (पट्टी तापून चालू-बंद होणारा) खोलून पाहिला, त्यातली पट्टी अजून चांगली आहे. माझं मत: जुना थर्मल चालत असेल तर नवा घेऊ नका, जपून ठेवा. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या, तेव्हा असा जुना माल मिळाला की घेऊन ठेवायचाच.

त्यानंतर मी जे केलं त्यात आठ दिवस गेले. मल्टिमीटर बीपवर (जोडणी सलग असली की वाजतं) ठेवून पुढच्या डाव्या लॅम्पच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तपासलं. पी-पी वाजलं. म्हणजे अर्थ, म्हणजे पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणारी जोडणी, चांगली, असं वहीत लिहिलं आणि पुढे गेलो. मग वायरिंगच्या मागे लागलो. डॅशबोर्डखालचा सगळा गुंता सोडवला, रंग उडालेल्या वायरींना चिठ्ठ्या लावल्या. मे महिन्यात नागपुरात दुपारी पोर्चमध्ये बसून हे करणं म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच कळेल. पाना हातात धरवत नव्हता. शेवटी पूर्ण नवीन हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा तयार जुडगाच, मागवायचं ठरवलं होतं.

शनिवारी ऑटोमोटिव्ह चौकाकडच्या एका जुन्या वायरमन काकांकडे लग (वायरीच्या टोकाला लावायच्या कड्या) आणायला गेलो. लक्षण सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही, फक्त विचारलं, "रंग केव्हा मारला जी गाडीले?"

मी म्हटलं, "फेब्रुवारीत. पूर्ण नोज पॅनेल आणि दोन्ही मडगार्ड."

"मग काऊन वायरी उकलून राहिले? अर्थ भेटून नाही राहिली त्याले."

"काका, मीटर तर वाजतंय."

"वाजू द्या. मीटर वाजते, बल्ब नाही जळत. त्याले लोड देऊन पाहा, लोड."

घरी येताना पूर्ण कामठी रोडभर तेच डोक्यात. मीटरच्या बीपला काही मिलिअँपसुद्धा लागत नाही. वीस ओहम रेझिस्टन्स असला तरी बरीच मीटर वाजतात. 21 वॅटचा बल्ब मात्र 12 व्होल्टवर पावणेदोन अँपिअर मागतो. त्याच्या वाटेत वीस ओहम आले की तो मेलाच. म्हणून अर्थ मोजायची तर लोड देऊन, म्हणजे बल्ब चालू ठेवून मोजायची. फ्लॅशरच्या दोन्ही वायरी तात्पुरत्या जोडल्या, म्हणजे बल्ब टिकटिक न करता स्थिर राहतो. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं लॅम्पच्या बॉडीवर. तिथे शून्याच्या आसपास यायला हवं. आलं 10.6! बॅटरीवर 12.4. म्हणजे लॅम्पच्या ज्या बॉडीनं निगेटिव्ह असायला हवं, तीच जवळपास पॉझिटिव्ह होऊन बसली होती.

आणि मग ते उलटं पेटणं-विझणं एकदम उलगडलं. या लॅम्पमध्ये दोन फिलामेंटचा बल्ब आहे, 21 वॅट इंडिकेटरचा, 5 वॅट पार्किंगचा, आणि दोघांची अर्थ एकच. ती अर्थ गेली की इंडिकेटरचा करंट 21 मधून निघून 5 च्या फिलामेंटमधून पार्किंगच्या लाईनीत शिरतो आणि बाकीच्या पार्किंग बल्बांतून अर्थ शोधतो. म्हणून तो पार्किंगसारखा मिणमिणायचा. पार्किंग चालू असला की दोन्ही बाजूंनी 12 व्होल्ट, मध्ये फरकच नाही, बल्ब काळा. फ्लॅशरचा कॉन्टॅक्ट सुटला की पार्किंगचा करंट उलट्या दिशेने 21 मधून, मागच्या इंडिकेटरच्या बल्बमधून अर्थला, आणि पुढचा पेटतो. कागदावर रेघा मारून पाहिलं तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येत नाही. सगळं इतकं सरळ होतं.

माझ्या गाडीत या लॅम्पची अर्थ मडगार्डला कसलेल्या स्क्रूतूनच जाते. पेंटिंगवाल्यानं भोकाच्या कडेपर्यंत प्रायमर आणि दोन हात रंग मारला होता. उजवीकडे स्क्रू कसताना रंग खरवडला गेला, डावीकडे नाही. एवढंच.

उपाय: लॅम्पच्या मागे, न दिसणाऱ्या जागी, नाण्याएवढा पत्रा सँड पेपरनं चमकेपर्यंत घासला, दातेरी वायसर टाकला, वर पेट्रोलियम जेली. पण स्क्रूवर आता विश्वास नाही. म्हणून लॅम्पच्या बॉडीपासून 1.5 स्क्वेअर मिलिमीटरची काळी वायर वेगळी ओढून रेडिएटरजवळच्या एका बोल्टला नेली. लग पितळीच घ्या. बाजारात पिवळा मुलामा दिलेले लोखंडी मिळतात, चुंबक लावून पाहा. आता रीडिंग 0.06 व्होल्ट.

हार्नेस रद्द. त्याऐवजी पुढच्या चारही लॅम्पांच्या काळ्या वायरी त्या एकाच बोल्टला आणि तिथून एक जाड वायर थेट बॅटरीला, असं ठरवलं.

हे लिहिता लिहिता उठून हेडलाईटही मोजून आलो, कारण नोज पॅनेल तेव्हाच रंगवलेलं. डावीकडे अर्थवर 1.3 व्होल्ट! व्होल्टेज दहा टक्के घटलं की हॅलोजनचा उजेड साधारण तीस टक्के घटतो, आणि मी मात्र दोन महिने उजेड वाढावा म्हणून रिले (हेडलाईटला बॅटरीतून थेट करंट देणारे स्विच) बसवायचं सामान जमवतोय. रिले आता नंतर, आधी ही अर्थ.

बाबांना रविवारी रामटेकला जायचंय. मागचा डावा लॅम्प 0.08, बरा आहे. मागच्या उजव्याचा नट गंजून अडकलाय, त्यावर तेल सोडून ठेवलंय.