थांब, घाबरू नकोस!

फळा, पडका वाडा, फाटकी नोट. शाळेतल्या निबंधात आत्मवृत्त कुणाचंही असो, सुरुवात ठरलेली: बागेत फिरायला गेलेल्या मुलाला कण्हण्याचा आवाज येतो, तो इकडेतिकडे बघतो आणि उत्तर येतं, ‘थांब, घाबरू नकोस, मी बोलतेय!’ सव्वाशे शब्दांच्या निबंधातले चाळीस इथेच खर्ची पडतात. मग बिचारी नोट नाशिकरोडच्या छापखान्यातून बाहेर पडेपर्यंत घंटा होते.

त्यापेक्षा नोटेने थेट म्हणावं, ‘माझ्या कोपऱ्यात कुणीतरी बॉलपेनने हिशोब केलाय, ३४० वजा ६५.’ बोलणारी कोण ते कळलं, ती बऱ्याच हातांतून गेलीय हेही कळलं, आणि हे ६५ कसले, ही उत्सुकता वाचणाऱ्याला लागली. कण्हायची गरजच पडली नाही.

वैचारिक निबंधात हीच खोड ‘आजच्या धावपळीच्या युगात’ अशी सुरू होते. याची कसोटी सोपी आहे. पहिलं वाक्य उचलून दुसऱ्या विषयावर ठेवून बघायचं. मोबाइललाही चाललं आणि वृक्षारोपणालाही चाललं, तर खोडून टाकायचं. झाडं म्हटली की तुकोबांना बोलावण्याचंही तसंच. ओळीवर पुढे दोन शब्द बोलायचे असतील तरच बोलवावं, नुसतं दारात उभं करू नये. प्रश्नाने सुरुवात करायला हरकत नाही, पण ‘पाणी नसेल तर आपण जगू का?’ याचं उत्तर पहिलीतलं पोरही देतं.

सुरुवातीचं माप म्हणाल तर एकूण निबंधाचा दहावा हिस्सा, फार तर आठवा. दोन-तीन वाक्यं. एकात डोळ्यांना दिसेल असं काहीतरी, पुढच्यात त्याचा विषयाशी धागा, जमलं तर तिसऱ्यात आपलं म्हणणं. सुरुवातीला काढलेला मुद्दा मध्ये आलाच नाही, तर गुण तिथेच जातात.

आणि ही वाक्यं सुचावीत शेवटी. आधी मागच्या पानावर पाच मिनिटं मुद्दे काढायचे, त्यातला सगळ्यात ठसठशीत तपशील वर न्यायचा. घरी लिहिताना तर पहिला परिच्छेद सरळ झाकून बघावा. बहुतेक वेळा निबंध दुसऱ्यापासूनच सुरू झालेला असतो.

‘इतक्यात आईने हाक मारली आणि मी जागा झालो’ या शेवटाचं काय करायचं, ते मात्र विचारू नका.