दारव्हेकर मास्तरांची सही

नागपूर, १४ जुलै, रात्री

दिवसभर झड लागली होती. संध्याकाळी जरा उघडीप मिळाली तसा महाल भागात काकूंकडे जाऊन आलो. घर विकायचं ठरलंय, त्यामुळे माळ्यावरचं सगळं खाली आलंय. "नाटकाचे कागद निघालेत, रद्दीत जायच्या आत बघून जा," असा त्यांचा निरोप होता.

ट्रंकेच्या तळाशी त्यांची नक्कल, म्हणजे भूमिकेच्या संवादांची वही सापडली. हल्ली सगळ्यांना अख्ख्या नाटकाची झेरॉक्स मिळते. तेव्हा आपल्या भूमिकेचे संवाद तेवढे हाताने उतरवून घ्यायचे आणि समोरच्याच्या वाक्याची फक्त शेपटी लिहायची, आपली पाळी कळावी म्हणून. काकू साठ सालच्या सुमारास रंजन कला मंदिर या नाट्यसंस्थेत काम करायच्या. वहीच्या पहिल्याच पानावर नाटककार-दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकरांची सही! माझा हात थरथरला, खरंच.

मी सह्या जमवतो, त्यामुळे भिंग खिशात होतंच. निब दाबली गेली तिथे रेघेच्या दोन्ही कडा गडद, मधली शाई फिकी, आणि कागदाच्या धाग्यांत ती बारीक फुटलेली. छापील सही अशी फुटत नाही. चार वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने छापील सहीची हस्तपत्रिका अस्सल म्हणून माझ्या गळ्यात मारली होती. पैसे गेले ते गेले, पण महिनाभर मी ते पान रोज काढून डोळे भरून बघत होतो, ते फार लागलं.

नटांच्या सह्या मिळतात. प्रयोग संपला की मेकअपच्या खोलीबाहेर लोक वह्या घेऊन उभेच. 'नटसम्राट' १९७० साली आलं, डॉ. लागूंची सही असलेली घरं मला कितीतरी माहीत आहेत, पण ते नाटक बसवणाऱ्या दारव्हेकर मास्तरांची सही असलेलं आजवर एकही नव्हतं. 'कट्यार काळजात घुसली' तर त्यांनी लिहिलंही आणि बसवलंही. भालबा केळकर, मास्टर दत्ताराम, अरविंद देशपांडे, या सगळ्या दिग्दर्शकांच्या सह्यांचं तेच. वीस वर्षांत माझ्याकडे दिग्दर्शकांच्या अकरा सह्या जमल्यात. नाटककाराचं पुस्तक उरतं, गाणाऱ्याची तबकडी उरते. तालमीत बसवलेलं पडदा पडला की संपतं. म्हणून त्या हाताची एक रेघ तरी आपल्याकडे असावी असं मला वाटत राहतं.

पैशांचं विचारायला तोंड उघडणार, तोच काकूंनी पान उलटलं. एका वाक्यामध्ये पेन्सिलीच्या दोन उभ्या रेघा होत्या. "इथे थांबायचं, मास्तरांनी सांगितलं होतं," म्हणाल्या, आणि चष्मा न लावता ते वाक्य म्हटलं. मध्ये थांबल्या. बाहेर पागोळ्या गळत होत्या तेवढंच ऐकू येत होतं. मग उरलेलं वाक्य आलं, वेगळ्याच आवाजात.

"सहीचं पान फाडून ने तू, वही मला राहू दे," त्या म्हणाल्या.

नाही घेतलं. त्या दोन रेघांपासून ती सही तोडायची माझी हिंमत झाली नाही. गंजलेली टाचणी तेवढी हलक्या हाताने काढली, पानांमध्ये बटर पेपर घातला आणि वही परत ट्रंकेत ठेवून आलो.

घर सुटल्यावर ट्रंक कुठे जाणार ते मात्र विचारायचं राहून गेलं. सकाळी उठल्या उठल्या फोन करायचा.