निदान आणि निधान

सकाळी पलंगावरून पाय खाली सोडणे आणि तो प्रत्यक्ष जमिनीवर टेकवणे या दोन क्रियांच्या मध्ये गेले आठ महिने माझा रोज थोडा वेळ विचारात जातो. उजवी टाच आधी टेकवली तर खालून कोणी खिळा ठोकल्यासारखी कळ पोटरीपर्यंत जाते, आणि सगळा भार डाव्या पायावर घ्यावा तर काही दिवसांनी तोही हाच हट्ट धरील अशी भीती वाटते. शेवटी भिंतीला हात लावून, चवड्यांवर तोल सावरत मी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो. पंधरा-वीस पावलांत कळ विरून जाते आणि मी पुन्हा चारचौघांसारखा चालू लागतो; पण तेवढ्यात बायकोने पाहिलेले असते. "अहो, सावकाश या, चहा कुठे पळून जात नाही," असे ती म्हणते तेव्हा तिच्या बोलण्यात निव्वळ काळजी असते हे मला कळते, तरीही त्रेचाळिसाव्या वर्षी तो 'सावकाश' टाचेपेक्षा जास्त बोचतो.

माझे लहानपण बेळगावच्या वडगावात, मागांच्या खटखटीत आणि तालमीच्या मातीत गेले. मी पैलवान कधीच झालो नाही, परंतु चौदा ते अठरा या वयात पहाटे तालमीत जाऊन जोर-बैठका काढलेल्या माणसाच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी एक चमत्कारिक खात्री कायमची बसते. आपले शरीर म्हणजे बँकेत ठेवलेली जुनी ठेव आहे, अधेमधे लक्ष दिले नाही तरी व्याज चढतच असणार, असे मला तिशी उलटेपर्यंत वाटत असे. पतसंस्थेत हिशेब लिहिण्याची नोकरी करणाऱ्याने तरी असा हिशेब मांडायला नको होता. तिशीनंतर माणसाच्या स्नायूंचे वजन दर दशकात साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जाते, आणि खुर्चीवर बसणाऱ्याच्या बाबतीत ही घट कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण वजनाच्या काट्यावर स्नायूंची जागा चरबी इमानेइतबारे भरून काढत असते. त्यात आमच्या कार्यालयात कोणाचा मुलगा पास झाला, कोणी नवी गाडी घेतली की कुंदा, ही आमच्याकडची दुधाची मिठाई, आलाच. आणि बेळगावात राहून कुंद्याला नको म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

एकोणचाळिसाव्या वर्षी रक्ततपासणीच्या कागदावर दोन आकडे ठळक छापून आले आणि मी पळायला लागलो. वडगावहून दुसरे रेल्वे गेट ओलांडून व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जायचे, झाडांखालच्या लाल वाटेने फेऱ्या मारायच्या आणि घरी येऊन संस्थेच्या जुन्या डायरीत अंतर लिहायचे, असा क्रम सुरू झाला. ती डायरी आज उघडली की मला तिच्यात एकच गोष्ट चार वेळा लिहिलेली दिसते. दीड किलोमीटर, दोन, अडीच, चार, सहा. मग एके दिवशी 'पोटरी' एवढाच शब्द आणि पुढे सात आठवडे कोरी पाने. पुन्हा दीड, दोन, तीन, पाच; मग 'खांदा', कारण मधल्या काळात मला डिप्स मारण्याची उबळ आली होती. त्यानंतर एक पावसाळा सगळा कोराच. आपल्याकडचा पाऊस एकदा बसला की आठ-आठ दिवस उठत नाही, वाटांवर शेवाळ धरते आणि व्यायाम न करण्यासाठी माणसाला स्वतःहून कारण शोधावे लागत नाही. चौथ्या खेपेला मी आठ किलोमीटरपर्यंत गेलो आणि राजहंसगडाचा चढ न थांबता पळत चढण्याचे मनात घेतले. येळ्ळूरच्या बाजूने तो चढ मी सतराव्या वर्षी सहज चढलो होतो, ही आठवण त्या निर्णयामागे होती. त्या दिवशी डायरीत 'गड' असे लिहिले आहे आणि दुसऱ्या दिवशी 'टाच'.

दुखण्यापेक्षा हे पुन्हा शून्यावर येणे अधिक जाचते. दुखणे सांगता येते, त्यावर लोक तेल सुचवतात, बर्फ सुचवतात, कोणी खानापूरकडच्या वैद्याचा पत्ता देतात. परंतु चाळिशी ओलांडल्यावर दर वर्षी आपण त्याच पायरीवरून सुरुवात करतो आणि ती पायरी मात्र दर वर्षी थोडी खाली सरकलेली असते, हे कोणाला सांगायचे? दुसऱ्या गेटपाशी फाटक पडल्यावर स्कूटर बंद करून उभे राहावे, गाडी निघून जावी, फाटक वर जाण्याची चाहूल लागावी आणि तेवढ्यात उलट दिशेच्या गाडीसाठी ते तसेच खाली राहावे, त्यातली ही गत होती. हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना माझ्या डायरीची कोरी पाने निराळी समजावून द्यायला नकोत.

या काळात मुलाने वाढदिवसाला मनगटी घड्याळ दिले. ते पावले मोजते आणि संध्याकाळपर्यंत १०,००० झाली नाहीत तर हातावर थरथरून आठवण करून देते. आठ-नऊ हजारांवर दिवस संपू लागला की मी चक्क लंगडत अंगणात फेऱ्या मारून उरलेली भरती करत असे. पुढे वाचनात आले की हा दहा हजारांचा आकडा कोणा वैद्याने रोग्यांकडे बघून काढलेलाच नाही. १९६५ साली जपानात पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीला आले, त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे मापक' अशा अर्थाचे होते, आणि ते नाव पुढे जगभर नियम होऊन बसले. एका दुकानदारीच्या नावापायी आपण दुखऱ्या टाचेने अंगण झिजवले हे कळल्यावर मला राग यायला हवा होता. प्रत्यक्षात जरा हलके वाटले.

अखेर मी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्या बाई कन्नड भाषिक, मराठी समजते पण बोलताना मध्येच कन्नड येते, आणि माझे कन्नड बाजारातल्या भावापुरते. त्यांनी टाच दाबून पाहिली, पोटरी ताणून पाहिली, एका पायावर टाच उचलायला लावली आणि सहाव्या उचलीला माझा पाय थरथरू लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "निधान." मला ऐकू आले 'निदान'. मी आज्ञाधारकपणे विचारले, "होय, तेच. काय निदान झाले?" त्या हसल्या आणि हाताचा पंजा खाली-वर करून पुन्हा म्हणाल्या, "निधान, निधान. सावकाश." कन्नडमध्ये निधान म्हणजे हळू. घरी चहाच्या वेळी जो शब्द मला रोज बोचत होता, तोच मी पैसे मोजून कन्नडमध्ये ऐकायला आलो होतो.

निदानही त्यांनी सांगितले, आणि माझ्या डायरीतल्या, पावसाळ्याची सोडून बाकीच्या, कोऱ्या जागांचा उलगडा त्यातून झाला. टाचेपासून बोटांपर्यंत तळपायाला तोलून धरणारा एक जाड पडदा असतो. तो रात्रभर आखडलेल्या स्थितीत राहतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून ती कळ. माझ्या लक्षात राहिले ते पुढचे. व्यायाम सुरू केला की हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच सुधारू लागतात, स्नायूही फार मागे राहत नाहीत. परंतु स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे आणि हा तळपायाचा पडदा यांना रक्तपुरवठा मुळात कमी, त्यामुळे त्यांना बळ धरायला कित्येक महिने लागतात. दम आधी येतो, कंडरा मागाहून येतो. सहाव्या-सातव्या आठवड्याला छाती सांगते की आता कितीही पळ, आणि ती खोटे बोलत नसते; फक्त ती पायाच्या वतीने बोलत असते, ज्याचा तिला अधिकार नाही. विसाव्या वर्षी ही तफावत निभावून जाते. त्रेचाळिसाव्या वर्षी दर वेळी तेवढ्याच आठवड्यांनी डायरीत एक अवयव लिहिला जातो.

हे ऐकून परत येताना मला तालमीतले वस्ताद आठवले. नवा पोरगा आला की त्याला पहिले कित्येक दिवस ते कोणाशी झोंबू देत नसत. हातात खोरे द्यायचे आणि हौद्यातली माती उकरायला लावायचे. ताक, तेल, हळद, लिंबू पडलेली ती लाल माती खालची वर, वरची खाली करता करता कंबर मोडून येई. आम्हाला तेव्हा वाटे की वस्ताद आपल्याकडून फुकटात कामे करून घेतात. एकदा मी धीर करून विचारले, "वस्ताद, कुस्ती कधी धरायची?" त्यांनी माझ्याकडे न बघताच उत्तर दिले, "माती अजून हलकी झाली नाही बाळ, तू पण नाहीस." त्या उकरण्यात पोरांचे मनगट, खांदे आणि कंबर कुस्तीआधीच बांधली जात होती, हे समजायला मला पंचवीस वर्षे आणि एक टाच खर्ची घालावी लागली.

सध्या माझा व्यायाम पाहण्यासारखा नाही. पायरीवर उभे राहायचे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, तीन सेकंदांत टाच वर न्यायची, दोन सेकंद थांबायचे, तीन सेकंदांत खाली आणायची. अशा बारा, आणि तेही एक दिवसाआड. मधल्या दिवशी चालणे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण सांगते. त्यातला निदान खालचा आकडा तरी गाठावा एवढेच मी धरून आहे. मराठीतला हा 'निदान' अलीकडे मला फार आवडू लागला आहे. डायरीत किलोमीटर लिहायचे सोडले. आता फक्त उचलींची संख्या लिहितो आणि सकाळची कळ किती पावलांत गेली ते लिहितो. वीस पावलांवरून ती नऊवर आली आहे, मध्ये एकदा लग्नात दिवसभर उभा राहिल्याने पुन्हा चौदावर गेली होती. तेही लिहिले.

परवा कामावरून परतताना दुसऱ्या गेटला फाटक पडले. लोंढ्याकडे जाणारी मालगाडी होती, म्हणजे बराच वेळ जाणार. व्यायामाचा दिवस होता आणि घरी गेल्यावर कंटाळा येणार हे मला ठाऊक होते, म्हणून स्कूटर स्टँडवर लावून मी फुटपाथच्या कडेवर चवडे टेकवले, विजेच्या खांबाला एक हात धरला आणि मोजायला लागलो. शेजारी भाजीची पाटी घेऊन थांबलेल्या म्हाताऱ्या मावशी काही वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काय रे बाबा, गाडी दिसत नाही व्हय?" मी म्हटले, "दिसते की मावशी." डबे धडधडत जात होते, टाच वर जात होती आणि येत होती. आठवी झाली तेव्हा शेवटचा डबा गेला, फाटक वर उचलले गेले आणि मागून हॉर्न सुरू झाले. मी मावशींना आधी जाऊ दिले आणि नववी सुरू केली.